पंधरा अँपिअरचा संसार

लोडकाका कोणाच्याही घरी गेले की चपला काढता काढता विचारत, "मेन बोर्ड कुठे आहे?" तो उघडून आतले स्विच नजरेखालून घातल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. आमच्या या परदेशातल्या शहरात, ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोत गृहप्रवेशाला सगळे बाल्कनीतून समुद्र बघत होते आणि काका बोर्डाच्या कपाटात डोकं खुपसून उभे होते. यजमानीणबाई बिचाऱ्या काही हरवलंय का, म्हणून विचारायला गेल्या.

तुआसच्या शिपयार्डात धक्क्याला लागलेल्या जहाजांना किनाऱ्यावरून वीज पुरवायची, ही त्यांची नोकरी. पण जहाज असो की मिक्सर, काकांच्या लेखी दोन्ही सारखेच खादाड. कोण किती वीज खातं, म्हणजे त्याचं लोड किती, हे ते सतत मोजत, म्हणून ते लोडकाका.

त्यांचा इथला नोकरीचा पास संपत आला आणि काका-काकूंनी पुण्याला कायमचं परतायचं ठरवलं. त्याआधी एकदा त्यांच्या आणि आमच्या, दोन्ही कुटुंबांनी ऑस्ट्रेलियात मोटरहोम घेऊन फिरायचं, असा बेत मी काढला. गाडी बसएवढी. फ्रिज, मायक्रोवेव्ह, हीटर, पावलोपावली सॉकेट. मी फोटो बघून हुरळून गेलो होतो. काकांनी मला जमिनीवर आणलं.

"सॉकेटं म्हणजे नुसती पंगत. वाढपी एकच, कॅम्पातल्या खांबावरून येणारी ती वायर. पंधरा अँपिअर."

म्हणजे ढोबळमानाने साडेतीन हजार वॉट. गाडी कितीही मोठी असो, किटली आणि हीटर एकदम लावले की अंधार. हे आमच्या डोक्यात शिरावं म्हणून काकांनी क्लेमेंटीच्या आपल्या फ्लॅटमध्ये रविवारभर चक्क तालीम घेतली. काहीही लावायचं तर आधी ओरडून परवानगी घ्यायची. काकूंना भात होईपर्यंत इस्त्री मिळाली नाही. माझ्या मुलीने इथल्या धाटणीच्या इंग्रजीत विचारलं, "अंकल, फोन चार्ज करते, कॅन?" काकांनी क्षणभर मनात हिशेब केला आणि गंभीरपणे म्हणाले, "कॅन." माझ्या बायकोने स्वयंपाकघरात जाऊन हसून घेतलं.

काकूंची अट एकच होती. गणेश चतुर्थी त्याच प्रवासात येत होती, आणि त्या दिवशी उकडीचे मोदक होणारच. लग्नापासून एकही चतुर्थी मोदकांवाचून गेली नव्हती. पिठीसुद्धा त्यांनी बरोबर बांधून घेतली होती.

नेमका आदल्या संध्याकाळी गाडीतला गॅस संपला. जवळपास दुकान नाही, बाहेर कडाक्याची थंडी. आता सगळी भिस्त त्या वायरवर. सकाळी काकांनी हीटर बंद करवला, फ्रिज बंद करवला, फोनचे चार्जर काढायला लावले. आम्ही पांघरुणं गुंडाळून बसलो आणि विजेच्या शेगडीवर मोदकपात्र चढलं. वाफ धरते न धरते तोच सगळं गप्प झालं.

काकूंनी एकेकाकडे बघितलं. कोणीच काही लावलं नव्हतं. मग बाथरूमचं दार किलकिलं झालं आणि काका बाहेर आले. कमरेला पंचा, डोक्यावर साबणाचा फेस. पूजेआधी अंघोळ हवी, म्हणून सवयीने त्यांनी पाण्याचा हीटर लावला होता. सगळ्या जगाचं लोड मोजलं, तेवढी स्वतःची अंघोळ राहिली.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

काका त्याच अवतारात पंचा सावरत खांबापर्यंत गेले. शेजारच्या गाडीतल्या गोऱ्या आजोबांनी कॉफीचा मग उंचावून गुड मॉर्निंग केलं, काकांनीही फेसासकट मान डोलावली. स्विच वर करून ते परत आले.

"आता सगळी वीज हिची," ते आम्हाला म्हणाले. "कोणी कशाला हात लावायचा नाही."

आणि उरलेली अंघोळ त्यांनी बर्फासारख्या पाण्याने केली. आरतीत टाळ नव्हते, काकांच्या दातांनी ती उणीव भरून काढली. मोदक जरा फुटले होते. तसे मोदक मी पुन्हा खाल्ले नाहीत.

काका-काकू पुण्याला गेले. मला त्यांची फार आठवण येते. आमच्याकडे चतुर्थीला विजेच्या शेगडीवर मोदकपात्र चढलं की एसी बंद होतो. खरं तर आमच्या फ्लॅटला दोन्ही सहज झेपतात. "बट व्हाय, लाह?" म्हणून मुलगी दरवर्षी कुरकुरते, पण बंद करायला उठते तीच. मग मोदक होईपर्यंत आम्ही तिघं घाम पुसत बसून राहतो.