तळहातावरचं दही

परवा सकाळी मुलगी ड्रायव्हिंगच्या परीक्षेला निघाली. ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा ती गाडी मागे घेताना नापास झाली होती, म्हणून हिने तिच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं.

"बाबा, तू अज्ञेयवादी ना? मग सांग, दह्याने पास होतात?"

"ठाऊक नाही."

"बघ आई! नाव एवढं मोठं, आणि उत्तर हे!"

ती हसली, पण दह्याचा हात थरथरत होता.

नाव भारदस्त आहे खरं. एकोणिसाव्या शतकात एका इंग्रज शास्त्रज्ञाने 'अ‍ॅग्नॉस्टिक' हा शब्द ग्रीकवरून घडवला; 'अज्ञेयवादी' हे त्याचं मराठी. 'अ' म्हणजे नाही, 'ग्नोसिस' म्हणजे ज्ञान. जाणकार सांगतात, तिकडचा 'ग्न' आणि आपला 'ज्ञ' एकाच मुळाचे. म्हणजे आपला साधा 'अज्ञ' हा त्या इंग्रजी शब्दाचा चुलतभाऊच! नास्तिक 'देव नाही' म्हणतो. अज्ञेयवादी फक्त 'मला कळलेलं नाही' म्हणतो. मराठी माणूस एवढ्यासाठी 'कोण जाणे' म्हणून मोकळा होतो.

"अहो, पोरीला धीर येईल असं काही बोला की," ही म्हणाली.

खोटं तर बोलवेना. "दह्याने पास होतात हे मला ठाऊक नाही," मी म्हणालो, "पण होत नाहीत हेही ठाऊक नाही." आणि मीही तळहात पुढे केला. "मलाही दे. गाडीत तिच्या शेजारी मीच बसणार आहे."

मुलगी खळखळून हसली. तिच्या हाताची थरथर थांबली.

दह्याने की हसण्याने, कोण जाणे.