कटऑफची पैसेवारी

धारूरला आमची अभ्यासिका एका पतसंस्थेच्या माडीवर होती. खाली ठेवी-कर्जाची लगबग, वर आम्ही राज्यसेवेची तयारी करणारे. त्या वर्षी पावसानं दडी मारली ती मारलीच. ऊसच नव्हता, म्हणून कारखान्यानं गाळप घेतलं नाही. पतसंस्थेच्या चेअरमनना दया आली आणि त्यांनी आमची फी माफ केली. पिण्याचं पाणी मात्र ज्याचं त्यानं आणायचं.

पूर्व परीक्षेची उत्तरतालिका आली आणि माझ्यापुढं एकच प्रश्न उरला. मी कटऑफच्या वर आहे की खाली? निकालाला बराच अवकाश होता, पण मला थांबायला वेळ नव्हता. गावच्या दूध सोसायटीत सचिवाची जागा निघाली होती. तिथल्या चेअरमननी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शब्द दिला होता आणि येणार की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. वर असेन तर मुख्य परीक्षेचा अभ्यास, खाली असेन तर दुधाचं माप. अशा वर्षात घरात एक तरी पगार यावा, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अभ्यासिकेत कटऑफ काढायचं काम एका जुन्या उमेदवाराकडं होतं. इतक्या वेळा परीक्षा दिली होती की सगळे त्याला सरच म्हणायचे. यंदा त्यानं नवी रीत काढली. गेल्या वर्षी आम्हाला पडलेले मार्क आयोगानंच जाहीर केले होते. ते घ्यायचे, यंदाचे प्रत्येकाला विचारायचे, आणि आपण जितके घसरलो तितका कटऑफ घसरणार असं धरायचं. रीत ऐकायला झकास होती. सर बाकाबाकावर फिरले आणि दुपारी फळ्यावर आकडा लिहिला. तो गेल्या वर्षीपेक्षा बराच खाली होता आणि मी त्याच्या आरामात वर होते. मी इतकी खूश झाले की खाली जाऊन सगळ्यांना पुरेल इतका चहा सांगून आले.

चहा पिता पिताच माशी शिंकली. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची उत्तरं मी आदल्या दिवशी तिच्याबरोबरच तपासली होती. सरांच्या वहीत पाहिलं, तर त्यांना तिनं दहा मार्क कमी सांगितले होते.

"अगं, काल तर तुला..."

तिनं मला चिमटा काढला. "गप बस. नजर लागती."

मला एकदम पैसेवारी आठवली. आमच्याकडं पीक किती आलं याचा अंदाज काढायला तलाठी आणि कृषीवाले शेतावर येतात. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली तरच दुष्काळ जाहीर होतो. नाना त्यांना हटकून शेताच्या खडकाळ कोपऱ्यात नेत. पण सरकारचं सोडा, एरवीही कुणी पुरता आकडा सांगत नसे. सोयाबीन किती झालं असं सख्ख्या मेव्हण्यानं विचारलं तरी उत्तर ठरलेलं, "कसलं काय, बी निघालं म्हणा." पीक चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, असं मानत मोठी झालेली माणसं आम्ही. मार्क तरी पुरते कोण सांगणार? गेल्या वर्षीचे मार्क खरे, यंदाचे पैसेवारीतले. मग सगळे घसरल्यासारखे दिसणार आणि कटऑफ खाली येणारच!

मी तावातावानं सरांकडं गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हसले. "बरोबर हाय तुमचं. मी बी माझे सहा कमीच धरलेत."

मला हसावं की रडावं कळेना. सगळ्यांचे लपवलेले मार्क अंदाजानं मिळवले तर कटऑफ माझ्या मार्कांच्या वर जात होता. सबंध माडीवर खरा आकडा सांगणारी मी एकटी होते, आणि त्याचा मला अभिमान नाही, संताप आला.

शनिवारी एसटीनं गावाकडं गेले. नाना जनावरं घेऊन चारा छावणीवर होते. मी म्हणाले, "नाना, सोमवारपासून मी सोसायटीत जाते."

"कावून? मी तर चेअरमनला सांगून आलो. पोरगी येत न्हाई, दुसरं कुणी बघा म्हणलं. त्यांनी लगेच दुसरा घेतला बी."

"मला न विचारता?"

"मार्क इचारले की फोनवर. तू आकडा सांगितलास, त्यात मी धा मिळवले. गेल्या साली कटऑफ कितीवर सुटला ते मला ठाव हाय. म्हणलं, निघाली पोरगी."

"दहा कशाचे?"

"आपल्यात पुरता आकडा कोण सांगतंय बाई?"

"मी सांगते!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या दावणीचे लोक वळून बघायला लागले.

नानांच्या हातातली वैरण तशीच राहिली. "खरंच तेवढेच?"

"तेवढेच."

ते दगडावर बसले. नोकरी गेल्याचं दुःख मला झालं, नाही असं नाही. पण त्यांच्या तोंडावरून ते दहा मार्क उतरताना पाहिले, ते जास्त लागलं. मग म्हणाले, "तू अभ्यासाला जा. निकालाच्या आधी कुणाला काय कळतंय?"

मी परत आले आणि अभ्यास केला. आपण खाली आहोत हे मनातून माहीत असताना पानं उलटणं काय असतं, ते त्या उन्हाळ्यात कळलं.

निकाल लागला. मैत्रीण निघाली, सर निघाले. मी राहिले. पतसंस्थेच्या जिन्यात उभी राहून नानांना फोन लावला.

"कितीनं हुकलं?"

"तीन मार्कांनी."

मी वाट पाहत राहिले. आता ते त्यात आपल्या पदरचं काहीतरी घालतील किंवा काढतील, असं वाटलं.

"तीन," नाना म्हणाले. "बरं. पुढचे फारम कधी सुटतेत?"