वरची ओंजळ

त्यांच्या तोंडून 'एक' हा आकडा मी कधीच ऐकला नाही. चहा किती सांगू, असं विचारलं की उजव्या हाताचं बोट वर करून म्हणायचे, "लाभ." मुली किती? "लाभ." बायका किती, असं मी एकदा मुद्दाम विचारलं. तेव्हा मात्र त्यांनी बोट पटकन खाली घेतलं आणि म्हणाले, "तिले मोजत नसतात माय. तिनं ऐकलं तं ते मलेच मोजून ठेवीन."

धान्याचं माप होताना तुम्ही कधी उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. पहिल्या मापाला आपल्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. हे काका मलकापूरच्या एका जिनिंग मिलमध्ये मापाडी होते, आणि इतकी वर्षं मापाडी होते की त्यांचं सगळं आयुष्यच लाभापासून मोजलं जात होतं.

मी त्या मिलमध्ये गेले ती यंत्र बसवायला. कापसातून रुई निघाली की मागे सरकी उरते. ती सरकी हवेच्या जोरानं एका जाड लोखंडी पाईपातून धडधडत गोदामात जायची आणि तिथं पोत्यांत भरली जायची. पाईपातून किती सरकी गेली हे सांगणारं यंत्र पाईपलाच बसवायचं होतं. म्हणायला यंत्र, दिसायला मुठीत मावणारं नळकांडं. ते पळणाऱ्या मालावर लहरी सोडतं, परत आलेल्या लहरी वाचतं आणि शेजारच्या डब्यावर किलोचा आकडा दाखवतं. पुण्याच्या ऑफिसनं पहिल्यांदाच मला एकटीला पाठवलं होतं. मूळची मी बुलढाण्याची, पण चार वर्षं पुण्यात काढून वऱ्हाडी बोली गिळून बसले होते, आणि आपल्याला फार कळतं असा माझा तेव्हा पक्का समज होता.

मला वाटलं होतं, मापाड्याच्या मिलमध्ये मोजणारं यंत्र घेऊन चाललेय, म्हणजे म्हातारा माझ्या वाईटावरच असणार. गेटवर पाहते तर हे हजर. डोक्याला पांढरा रुमाल, हातात नारळ. माझ्या हातातली पेटी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि हमालांवर डाफरले, "सरका बे. जावई आला."

त्या दिवसापासून यंत्राचं नाव जावई पडलं. तसं ते शोभतही होतं. त्याला धूळ चालत नव्हती, ऊन चालत नव्हतं, मिलची वीज चालत नव्हती. त्याला स्वतःची वेगळी, सारख्या दाबाची वीज लागायची. काका सगळं ऐकून घ्यायचे आणि समाधानानं मान हलवायचे. "असूच दे. जावई म्हटल्यावर नखरे आलेच."

त्यांना एवढा आनंद कशाचा, हे दुपारी जेवताना कळलं. काकांचा फोन वाजला. त्या फोनचा आवाज बारीक कसा करायचा हे त्यांना येत नव्हतं, त्यामुळे काकूंचं बोलणं साऱ्या मिलला ऐकू जायचं. काकू मोताळ्याजवळच्या त्यांच्या शेतात वांगी, मिरची, कोथिंबीर पिकवायच्या, एकट्या. मुलगी लग्न होऊन गेलेली. काका आठवड्यातून एकदा घरी जायचे, मुक्काम करून परत मिलमधल्या खोलीत.

"कवा येता?" फोनमधून काकू गरजल्या. "बाकीच्यायचे नवरे संग बसून भांडतात. म्या काय वांग्यायसंग भांडू?"

हमाल गालातल्या गालात हसत भाकरी मोडत होते. काका फोन तोंडासमोर धरून म्हणाले, "जावई आला. आता सुटलोच समज."

गोष्ट अशी होती की काकांची कंबर गेली होती आणि दोन वर्षांपासून ते घरी जातो म्हणत होते. मिलचे मालक शेठजी सोडत नव्हते. दुसऱ्या कोणाच्या मापावर त्यांचा विश्वासच नव्हता. शेवटी शेठजी म्हणाले होते, तुझ्यासारखं बरोबर मोजणारं यंत्र आणतो. ते बरोबर मोजायला लागलं की त्याच दिवशी तू घरी जा. म्हणजे मी पाईपला जे बसवत होते ती काकांची सुटका होती. हे कळल्यावर मी भाकरी अर्धीच ठेवून उठले, कारण असली कामं पहिल्या झटक्यात जमत नाहीत.

पहिली चूक मी सकाळीच करून बसले असते. पाईपाच्या वळणाजवळ खूण करून मी ड्रिल हातात घेतलं, तेव्हा काका पाईपावर तळवा ठेवून उभे होते. डोळे मिटलेले. "इथं नको माय. इथं माल रांगते. पुढं लाव, तिथं तो पळते." मी त्यांना वळण, अंतर, लहरी असं बरंच समजावलं. मग माहितीपुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं की वळणापासून दूर, सरळ भागात बसवा. मी पुस्तक मिटलं आणि शिडी पुढे सरकवायला सांगितली. काकांनीच पुढे होऊन शिडी धरली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

यंत्र बसलं. काकांनी नारळ फोडला, पाण्याचे चार थेंब पाईपावर शिंपडले, खोबरं सगळ्यांना वाटलं. आता चाचण्या. दहा मिनिटं पाईपातून आलेली सरकी बाजूच्या रिकाम्या हौदात घ्यायची, ती सगळी पोत्यांत भरून काट्यावर तोलायची आणि काट्याचा आकडा यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहायचा. पहिल्या वेळी यंत्राला काट्याचा आकडा शिकवायचा. पुढे लागोपाठ तीन वेळा दोघांचं जमलं की काम फत्ते.

जमेना. पहिल्या दिवशी यंत्र जास्त दाखवायचं, काटा कमी. मी यंत्राला पुन्हा शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा जास्त, यंत्र कमी. पुन्हा शिकवलं. दुपारी परत उलटं. मी नळकांडं काढून पुसलं, वायर बदलली, अर्थिंग नव्यानं केलं, पाईपात रुई चिकटली असेल म्हणून हात घालून पाहिलं. तोलकाट्यावर प्रमाणित वजनं ठेवून पाहिली. काटा चोख होता. पुण्याहून साहेबांचा फोन आला. त्यांनी विचारलं की माणूस पाठवू का. म्हणजे मी कोण होते, देव जाणे.

काका माझ्याहून जास्त हवालदिल झाले. फडक्यानं जावयाला पुसायचे, त्याच्याशी हलक्या आवाजात बोलायचे. "काऊन रुसला बाप्पा? सांग तं खरं." तिकडे काकूंचे फोन चालूच. बसले का गाडीत, बांधलं का गाठोडं. काका म्हणायचे, "उद्या." मग माझ्याकडे पाहायचे, आणि मी दुसरीकडे पाहायचे.

तिसऱ्या दिवशी माझं पेन सुकलं. एवढंच झालं. तोपर्यंत दर वेळी काका आकडा पुकारायचे आणि मी मान खाली घालून वहीत लिहायचे. त्या दिवशी पेन झटकायला मी मान वर केली. काट्यावर पोतं होतं. काट्यानं पन्नास किलो दाखवले, काकांनी चौथं पोतं म्हणून "चार" पुकारलं, आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप ढिगात गेले, ओंजळ भरून वर आले आणि पोत्यात रिकामे झाले. मग पोतं खाली उतरलं.

"काका, हे काय?"

"काय?"

"आकडा सांगून झाल्यावर काय टाकलंत?"

"ते?" काकांना प्रश्नच कळेना. "ते वरचं हाय. ते मोजाचं नसते."

"दर पोत्यात टाकता?"

"मंग? काटोकाट देणं बरं दिसते का?"

"आणि किती टाकता?"

"मनाले येईन तेवढं."

मी सरकीच्या ढिगावरच बसले. दर पोत्यात ओंजळ, लाभाच्या पोत्यात दोन ओंजळी, आणि सकाळी काकूंचा फोन गोड झाला असेल तर तीन. ते सगळं पाईपातून जात होतं, यंत्राला दिसत होतं, आणि माझ्या वहीत येत नव्हतं. रोजचं माप रोजच्या मनासारखं. माझं यंत्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं आणि मी त्याला रोज नवं खोटं शिकवत होते.

काकांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे जावयाच्या ताटात म्याच माती कालवून राह्यलो?"

त्यांनी शपथ घेतली, ओंजळ बंद. पुढच्या चाचणीत लाभ म्हणताक्षणी हात निघालेच. त्यांनी ते मध्येच धरले, एका हातानं दुसरा. मग ते उलट्या टोपल्यावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, आणि फक्त तोंडानं मोजू लागले. तर आकडा पुकारला की हमालांचे हात ढिगात. तेही सगळे काकांच्याच हाताखाली शिकलेले. "थांब बे," असं काका ओरडेपर्यंत ओंजळ पोत्यात गेलेली. मला इतकं हसू आलं की वही खाली पडली. हमाल हसायला लागले, काका हात तसेच दाबून हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते सगळं हसण्याचं नव्हतं.

मी म्हटलं, "असं करू. आधी वरचं टाका, मग तोला."

"मोजलं तं ते वरचं कसलं?" त्यांनी विचारलं. मी माहितीपुस्तक पिशवीत टाकलं.

उपाय त्यांनीच काढला. गोदामाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक काटा होता. "तू असं कर माय. म्या इथं माह्यं माप करतो, वरचं घालतो. पोतं तिकडं गेलं का तू काय कराचं ते कर. म्या पाठ करून उभा राह्यतो. मले दिसलं नाही म्हंजे मोजलं नाही."

तसंच झालं. पोतं इकडून निघायचं, तिकडच्या काट्यावर चढायचं, मी खरं वजन लिहायचे, आणि काका भिंतीकडे तोंड करून पुकारायचे, "लाभ." एकदाच शिकवलं यंत्राला. मग तीन चाचण्या. तिन्ही वेळा यंत्र आणि काटा सख्ख्या भावांसारखे जुळले. तिसऱ्या वेळी मी आकडा मोठ्यानं वाचला. काकांनी भिंतीकडूनच विचारलं, "वळू का?"

शेठजी आले. दोन काटे का वापरले, म्हणून विचारलं. मी चाचरले. माझ्या वहीत काकांच्या ओंजळींचं वजन आता ग्रॅमपर्यंत लिहिलेलं होतं आणि ते दाखवायची माझी छाती होईना. शेठजींनीच हसून वही मिटली. म्हणाले, "मुझे क्या पता नहीं? अरे, सरकी घ्यायला ढेपवाले दूरदूरहून याच मिलला कशाला येतात?" मग पाईपाकडे पाहून ते गंभीर झाले. "पण मॅडम, तुमच्या यंत्राला वरचं घालता येते का?"

आता पोती बंद होऊन सरकी थेट ट्रकमध्ये जाणार होती. ठरलेले किलो पूर्ण झाले की यंत्र आपोआप माल थांबवणार. मी म्हटलं, थांबवायला थोडा उशीर करता येईल. आकडा पूर्ण झाल्यावर इतके सेकंद आणखी चालू.

"किती सेकंद?"

मी काकांकडे पाहिलं. ते पाईपाजवळ गेले, तळवा ठेवला, डोळे मिटले. मी ट्रक भरायला लावला. डब्यावरचा आकडा पूर्ण झाला, पाईप धडधडत राहिला, आणि सगळी मिल त्या तळव्याकडे पाहत उभी होती. "बस," काका म्हणाले. चार सेकंद. मी ते यंत्रात घातले. ते त्यांचं त्या मिलमधलं शेवटचं माप.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं, एक पत्र्याची पेटी आणि चालू फोन घेऊन ते मोताळ्याच्या गाडीत बसले. गाडी वळेपर्यंत काकूंचा आवाज ऐकू येत होता.

वर्षभरानं मी यंत्राची तपासणी करायला गेले. टोपलं तिथंच उलटं पडलेलं होतं. ट्रक भरताना आकडा पूर्ण झाला आणि पाईप पुढचे चार सेकंद धडधडत राहिला. मला काकांची फार आठवण आली. ते आता मोताळ्याच्या बाजारात बसतात असं हमालांनी सांगितलं, म्हणून परतताना मी मुद्दाम तिथं उतरले.

काका दिसायच्या आधी काकूंचा आवाज कानावर आला. पुढ्यात वांग्यांचा ढीग, तराजू काकूंच्या हातात. काका मागे पोत्यावर बसलेले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, पण हात हलले नाहीत.

"काट्याले हात लावू देत नाही म्या त्यायले," काकू म्हणाल्या. "पयल्या बाजारी अर्धा ढीग वरच्यातच गेला."

मी किलोभर वांगी मागितली. काकूंनी एक वांगं काढून त्याच्या जागी त्याहून लहान ठेवलं, काटा नेमका मध्यावर आणला, आणि पिशवी माझ्या हातात दिली. मग त्यांनी पदर सावरला आणि त्या आमच्याकडे चक्क पाठ करून बसल्या.

"आटपा लवकर," त्या समोरच्या रस्त्याकडे पाहत म्हणाल्या. "मले दिसलं नाही म्हंजे देल्लं नाही."

काकांचे हात मांड्यांखालून निघाले. ओंजळभर वांगी माझ्या पिशवीत पडली, वर कोथिंबिरीची जुडी. काका काकूंच्या पाठीकडे पाहत हसत होते आणि काकूंची पाठही हसण्यानं हलत होती. घरी गेल्यावर मी ती पिशवी तोलली नाही.