चौथा खांदा

मंडळी, आत्ताच स्मशानातून आले आहे, त्यामुळे थोडं कडू लिहीन.

आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला पेटी वाजवणारे देशपांडे काका गेले. गाझियाबादला एकटेच राहायचे. दार उघडेनात म्हणून शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. आज दुपारी पोस्टमॉर्टेमनंतर त्यांना घरी आणलं.

तिरडी बांधून झाल्यावर लक्षात आलं, खांदा द्यायला आम्ही तिघंच. मी, माझा नवरा आणि पुण्याहून आलेला त्यांचा भाचा. सोसायटीतले लोक गेटपाशी हात जोडून परत फिरले.

सोबत आलेले हेड कॉन्स्टेबल यादवजी कडेला उभे होते. त्यांनी टोपी काढून जीपमध्ये ठेवली, बूट काढले. म्हणाले, "चौथा मैं हूँ, बहनजी. आपके यहाँ रास्ते में क्या बोलते हैं?"

आम्ही तिरडी खांद्यावर घेतली. "राम नाम सत्य है"ही त्यांनीच सुरू केलं.

पोलिसांचे चांगले अनुभव शेअर करा, असं ग्रुपवर कालच कोणीतरी लिहिलं होतं. हा घ्या माझा. काका गेल्याच्या बातमीखाली ग्रुपवर सकाळपासून "भावपूर्ण श्रद्धांजली" पडतायत, ती लिहिणाऱ्यांतले निम्मे गाझियाबादचेच आहेत.

यादवजी उभे राहिले ती जागा कोणाची होती?