बर्फामुळे उशीर होतोय

आमच्या हॅगडाउन कोव्हमध्ये, खाडीकाठच्या या कोळ्यांच्या गावात, वयाने मोठ्या असलेल्या प्रत्येक बाईला आत्या म्हणतात आणि प्रत्येक म्हाताऱ्याला काका, मग रक्ताचं नातं असो वा नसो. त्यामुळे ट्रायफीना कीपिंग तुमची कोण, असं पोलिसांनी मला विचारलं तेव्हा मी सरळ ‘आत्या’ म्हणून मोकळा झालो आणि त्यांनी वहीत ‘नातेवाईक’ असं लिहून घेतलं. मी दुरुस्त करत बसलो नाही.

फीना आत्याने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कोव्हमध्ये कुणाची छाती नव्हती. गावच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात तिचं टेबल होतं आणि टेबलावर मुख्य भूमीवरच्या कंपनीचा जाडजूड कॅटलॉग. बूट, पडदे, पाळणे, कपडे धुण्याचं यंत्र, जे हवं त्यावर बोट ठेवायचं. आत्या फॉर्म भरायची आणि माल बोटीने यायचा. कधी दोन आठवड्यांनी, कधी खाडीत बर्फ अडकला तर दोन महिन्यांनी. लोक कुरकुरले की ती म्हणायची, ‘बर्फामुळे उशीर होतोय. येईल.’ आणि यायचा. तीस वर्षांत तिच्या हातून गेलेली एकही ऑर्डर बुडाली नाही. माझ्या लग्नाचा कोट तिनेच मागवला होता. लग्नानंतर आठ दिवसांनी आला, पण आला.

मग कॅटलॉग बंद झाला, माशांचा कारखाना बंद झाला आणि शेवटी दुकानही. पोरं कामासाठी पश्चिमेकडे गेली. उरलो आम्ही तीस जण. सरकारचा नियम असा की गावाने मत देऊन कायमचं उठून दुसरीकडे जायचं ठरवलं, तर घरामागे बऱ्यापैकी रक्कम मिळते. पण शंभरात नव्वद जणांनी ‘हो’ म्हणायला हवं. एकदा ठरलं की बोट बंद, वीज बंद.

मी ‘हो’वाला. लपवायचं काय त्यात? माझ्या बायकोला, मार्जला, आठवड्यातून तीनदा मूत्रपिंडाच्या यंत्राला लावायचं असतं. म्हणून ती शहरात, गँडरला बहिणीकडे राहते आणि मी इथे बोटीवर दोर बांधतो, टपालाच्या थैल्या उचलतो. त्या पानगळीत मतदान झालं. सत्तावीस ‘हो’ हवे होते, सव्वीस पडले. मत गुप्त होतं, पण आमच्याकडे कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हेही गुप्त राहत नाही. हेझ काका अठ्ठ्याऐंशीचे, ते जाणार नव्हतेच. डर्नफर्ड नवरा-बायको नाही म्हणणार, हेही ठरलेलं. चौथी आत्या.

मी तिच्या दारात जाऊन भांडलो. ‘आत्या, तुझ्या एका मतापायी माझी बायको तिकडे आणि मी इकडे!’

‘मग तू जा की तिकडे. तुला कुणी बांधून ठेवलंय?’

‘आणि खाऊ काय? घर कोण घेतंय इथलं?’

‘लेव्ही, गँडरमध्ये मला कोण ओळखतं? तिथे मी एक म्हातारी. इथे मी फीना आहे.’ तिने दार लावून घेतलं. दोन महिने आम्ही बोललो नाही. मी टपाल पायरीवर टाकायचो आणि निघायचो.

तिची खरी अडचण वेगळीच होती. पेन्शनला चार वर्षं बाकी होती आणि हाताला काम नव्हतं. ती हातमोजे विणून इंटरनेटवर विकायची, जुनी कपबशीही कधीमधी. नऊ वर्षांत एकाही गिऱ्हाईकाची तक्रार नव्हती. तिच्या विक्रीच्या खात्यावर गिऱ्हाइकांनी दिलेले नुसते पाच-पाच तारे. नाताळच्या आधी तिला एक पत्र आलं. ‘नॉर्दर्न लँटर्न’ नावाच्या कंपनीला घरबसल्या माल विकणारी माणसं हवी होती. मिस्टर कॅरो नावाच्या माणसाने फोनवर तासभर मुलाखत घेतली. गोड बोलणारा. म्हणाला, अनुभवी बाईच हवी होती आम्हाला, आणि तुमचं नाव किती स्वच्छ आहे!

एवढं एकच तो खरं बोलला.

काम सोपं होतं. कंपनी फोटो पाठवणार, शिवणयंत्रं, मिक्सर, जनरेटर. आत्याने ते आपल्या नावावर, आपल्या खात्यावर विकायला लावायचे. पैसे तिच्या बँकेत येणार. दहावा हिस्सा ठेवून बाकी त्याच दिवशी पुढे पाठवायचा, आणि माल कंपनी आपल्या गोदामातून थेट गिऱ्हाईकाला धाडणार. आत्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? तीस वर्षं तिने हेच केलं होतं. पैसे इथे घ्यायचे, माल दुसरीकडून यायचा.

नाताळात ती आपण होऊन माझ्याशी बोलली. हातात मनुकांचे पाव. ‘नोकरी लागलीय मला,’ म्हणाली. गाल लाल झाले होते तिचे. ‘आता मला कुठे जायची गरज नाही. तू अजून रागावलायस का?’

‘रागावलोय,’ मी म्हणालो आणि पाव घेतले.

प्रत्येक गिऱ्हाईकाला ती स्वतः पत्र लिहायची. मशीनवर छापलेलं नाही, चांगलं मनापासून, खाली पूर्ण नाव, गावाचं नाव, घरचा फोन नंबर. फेब्रुवारीत विचारणा सुरू झाल्या. माल आला नाही. आत्याने कॅरोला विचारलं. तो म्हणाला, हिवाळा आहे, जरा उशीर होतोय. तिला ते पटलं, कारण खिडकीबाहेर खाडी गच्च गोठली होती आणि आमची बोट नऊ दिवस जागची हलली नव्हती. तिने सगळ्यांना लिहिलं: ‘बर्फामुळे उशीर होतोय. येईल. मी शब्द देते.’

आणि लोक थांबले. कुणाकुणाची पैसे परत मागायची मुदत होती, ती त्यांनी जाऊ दिली. एवढ्या प्रेमाने लिहिणाऱ्या बाईवर संशय घ्यायला त्यांना लाज वाटली असणार.

एकदा मी तिच्या स्वयंपाकघरात चहा पीत असताना फोन वाजला. आल्बर्टाहून मिसेस ओलेंचुक. शिवणयंत्राचे पैसे भरून सात आठवडे झाले होते. आत्याने फोन माझ्या हातात दिला. ‘हा बोटीवर असतो. यालाच विचारा बर्फ कसा आहे ते.’

मी फुशारकीने सांगितलं, ‘बाई, यावर्षीसारखा बर्फ मी वीस वर्षांत पाहिला नाही. पलीकडे चालत जाता येईल. पण धीर धरा. फीना आत्याचा माल बुडत नाही.’

त्या बाईने माझे आभार मानले. 

मार्चमध्ये कॅरोचा फोन लागेना. एप्रिलमध्ये बर्फ फुटला आणि पहिल्याच बोटीने पोलीस आले, एक सार्जंट बाई आणि तिच्यासोबत एक तरणा शिपाई. मीच त्यांची बोट बांधली आणि मीच त्यांना आत्याच्या दारापर्यंत नेलं. आत्याने चहा टाकला, मुरंब्याची बरणी काढली. तिला वाटलं, कॅरो बेपत्ता झाला म्हणून ते मदतीला आलेत.

सार्जंटने टेबलावर पत्रांचा गठ्ठा ठेवला. एक्केचाळीस पत्रं. ‘ही तुम्ही लिहिलीत?’

‘मग दुसरं कोण लिहिणार?’

‘ही कंपनी अस्तित्वातच नाही, मिस कीपिंग. गोदाम नाही. माल कधीच नव्हता. पैसे तुमच्या खात्यात आले, तुमच्या हाताने परदेशी गेले. आणि लोक तक्रार करायला निघाले, तेव्हा तुम्ही त्यांना थोपवून धरलंत.’

‘मी थोपवलं नाही. बर्फ होता!’ आत्याने माझ्याकडे बघितलं. ‘लेव्ही, सांग ना यांना.’

मी सांगितलं. नऊ दिवस बोट अडकली होती, नोंद आहे. सार्जंटने सगळं ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हती. मग तिने हळूच विचारलं, ‘गोदाम ओंटारिओत आहे असं तुम्हाला सांगितलं होतं. गिऱ्हाईक आल्बर्टात. दोन्ही मुख्य भूमीवर, मधे रस्ता आहे, रेल्वे आहे. त्या पार्सलचा तुमच्या खाडीतल्या बर्फाशी काय संबंध?’

देवाशपथ सांगतो, तोपर्यंत हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. जगातली प्रत्येक वस्तू आमच्याकडे बोटीनेच येते. सगळ्यांकडे तशीच येत असणार, असं कुठेतरी पक्कं बसलेलं. तो तरणा शिपाई गालात हसला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याहून जास्त स्वतःच्या.

‘हे कोर्टात सांगितलं तर लोक हसतील का हो?’ आत्याने विचारलं.

सार्जंटने पत्रांचा गठ्ठा पुन्हा नीट बांधला.

पैसे नसलेल्यांना सरकार फुकट देतं तो वकील आत्याला फोनवर मिळाला. त्याने सरळ सांगितलं: फसवणूक तुमच्या नावावर झालीय, भरपाई तुम्हालाच करावी लागणार. ऑक्टोबरात तारीख आहे. तोवर सगळ्यांचे पैसे परत करायची हमी दाखवलीत तर खटला मागे घेतील. नाही तर ती पत्रं तुम्हाला आत घालायला पुरेशी आहेत. आत्याने मिळालेला दहावा हिस्सा पहिल्याच दिवशी परत केला. मिसेस ओलेंचुकला तिने स्वतःचं शिवणयंत्र पाठवून दिलं. पण बाकीचं कुठून आणणार? गावकऱ्यांनी सभागृहात जेवण ठेवून वर्गणी काढायचं म्हटलं, तर ती कडाडली, ‘माझ्या मूर्खपणाची थाळी कुणी विकायची नाही!’ घर विकावं, तर मरणाऱ्या गावात घर कोण घेणार? त्या घराला किंमत द्यायला एकच गिऱ्हाईक तयार होतं, सरकार. आणि त्यासाठी गाव उठायला हवं होतं.

सप्टेंबरात पुन्हा मतदान लागलं. धक्क्यावर माझ्यासारखाच ‘हो’वाला मर्ल हाइन्स मला डोळा मारून म्हणाला, ‘चला, चोरांनी का होईना, आपलं काम केलं.’ वर्षभरापूर्वी मी हसलो असतो. त्या दिवशी मी हातातला दोर त्याच्या पायावर टाकला आणि निघून आलो. मला हवं तेच होणार होतं, पण असं नको होतं. नाही म्हणून बघावं, असंही मनात आलं. पण मी नाही म्हटलं असतं तर आत्या तुरुंगात आणि मार्ज गँडरमध्येच.

मतदानाच्या आदल्या दिवशी आत्या डोक्याला रुमाल बांधून डर्नफर्डांकडे गेली, मग हेझ काकांकडे. मी टपाल घेऊन तिथेच होतो.

‘काका, उद्या मी हो म्हणणार आहे. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आले. तुम्ही नाहीच म्हणा. तुमचं तुम्ही सोडू नका. तुम्हाला घराबाहेर काढणारी मी आहे, एवढं लक्षात ठेवा आणि मला शिव्या द्या.’

म्हातारा जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, ‘चहा घेऊन जा.’

दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारी माणसाने सभागृहात सगळ्यांसमोर चिठ्ठ्या मोजल्या. दोनदा मोजल्या. मग चष्मा काढून म्हणाला, ‘हो, तीस. नाही, एकही नाही.’

कुणी टाळी वाजवली नाही. आत्या उठली. पहिल्या बाकावरच्या हेझ काकांसमोर जाऊन उभी राहिली. ‘तुम्ही? तुम्हीसुद्धा?’

‘अगं, ऐन वेळी एखादा फिरला असता तर?’ काका म्हणाले. ‘एका मताने अडकलीस तर काय करायचं? तुला काय तुरुंगात पाठवायचं?’ मागे डर्नफर्डची बायको रुमालात तोंड घालून रडत होती.

‘जाऊ द्यायचं होतं मला, काका,’ आत्या म्हणाली. तिचा आवाज सगळ्या सभागृहात ऐकू येत होता. ‘दोन वर्षं काढली असती आणि परत आले असते. तुरुंगातून माणूस घरी येतं. आता यायचं कुठे?’

काकांनी तिचा हात धरला आणि तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. सरकारी माणूस सह्यांचे कागद घेऊन उभा होता. बराच वेळ कुणी पुढे गेलं नाही. मग मी गेलो, कारण कुणीतरी जायलाच हवं होतं.