मनुरेवाची आठ माणसं

२०१६ साली आसपासच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांचा मेळावा शहराच्या उत्तर टोकाला अल्बनीत भरला, आणि मी भांडायच्या तयारीनेच गेले. दक्षिण टोकाची आमची मनुरेवाची मंडळी बंद करून अल्बनीच्या मंडळीत सामील करावी, असा प्रस्ताव होता. आमच्यात मतदान नसतं. एकेकाला विचारतात, आणि एकाने जरी नाही म्हटलं तरी गोष्ट तिथेच थांबते. माझं 'नाही' ठरलेलं होतं.

प्रस्ताव अल्बनीच्या एका आजीबाईंचा. मी त्यांना ईमेलवर लिहिलं होतं, "तुम्हाला आमची माणसं हवीत, आमची मंडळी नको." चार महिने आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. ईमेल पाठवल्यावर मला वाईट वाटलं होतं, पण माफी मागायला माझा ताठा आडवा येत होता.

चर्चेआधी भाकर आणि द्राक्षरसाचं प्रभुभोजन, आणि त्याच्याही आधी एकमेकांचे पाय धुण्याचा विधी. बायका बायकांचे धुतात. ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्याकडे आधी जायचं, ही जुनी रीत. एरवी मी मुद्दाम माझ्याच वयाची जोडीदारीण गाठायचे. पण त्या दिवशी टौरंगाच्या मंडळीतून आलेल्यांशी मी गप्पा मारत बसले होते, तेवढ्यात आजीबाई पाण्याचा टब घेऊन आल्या आणि गुडघे धरत माझ्यासमोर खाली बसल्या. त्यांनी हात पुढे केला आणि मी झटकन पाय मागे घेतला. ख्रिस्ती असले तरी मी पुण्याची. पंचाहत्तरीच्या बाईने माझ्या पायाला हात लावायचा?

त्यांचा चेहरा उतरला. "इतका राग आहे?" त्यांनी विचारलं.

"राग आहे, पण पाय त्यासाठी नाही ओढला," मी म्हटलं. "आमच्याकडे मोठ्यांच्या पायांना आपण हात लावतो. त्यांनी आपल्या पायांना लावला तर मेल्याहून मेल्यासारखं होतं." ईमेलबद्दलचं सॉरीही तिथेच म्हणून टाकलं.

"मग जरा होऊ दे तसं," त्या म्हणाल्या. मी पाय पुढे केले. त्यांनी दोन्ही धुतले, बोटांच्या बेचक्यासुद्धा टॉवेलने कोरड्या केल्या. माझे कान तापले होते. मग मी त्यांचे धुतले.

मला वाटलं, आता त्या प्रस्ताव मागे घेतील. दुपारी त्यांची पाळी आली तेव्हा त्या उठून माझ्याकडे बोट करत म्हणाल्या, "माझं म्हणणं तेच आहे. मनुरेवात आठ जण उरलेत. दार हीच उघडते, गाणं हीच सुरू करते. हिवाळ्यात ही न्यूमोनियाने आजारी पडली, तर तीन रविवार दार बंद राहिलं. तेव्हा हिला बघायला कोण गेलं?"

कुणी आलं नव्हतं. सात जणांपैकी एकही नाही. हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

शेवटी माझी पाळी आली. सगळे माझ्या 'नाही'ची वाट बघत होते. मला त्या बाईंचा भयंकर राग आला, कारण त्या खरं बोलत होत्या. मी 'हो' म्हटलं.