ओरडून न सांगता येणारी गोष्ट

इपॉय नदी ती केवढीशी! अलीकडून ढेकूळ भिरकावलं तर पलीकडच्या कोंबडीला लागावं. पण मधोमध सीमा. अलीकडे हंगेरी, पलीकडे स्लोव्हाकिया. होता तो पूलही लढाईत उडाला आणि पुन्हा कुणी बांधला नाही. दोन्ही काठांवर माणसं तीच, भाषा तीच. करणार काय, लोक ओरडून बोलायला लागले. बारशाची आमंत्रणं ओरडून, सुनांच्या कागाळ्याही ओरडून. पलीकडे कुणी वारलं तर प्रेतयात्रा वाकडी वाट करून काठावर यायची, शवपेटी घटकाभर खाली ठेवायची, आणि अलीकडचे नातेवाईक इथूनच प्रार्थना म्हणायचे.

एतेल्काने स्वतःच्या आईला असाच निरोप दिला होता. ती माहेरची पलीकडची, लग्न होऊन अलीकडे आलेली. धाकटी बहीण रोझी शवपेटीपाशी उभी राहून हाका मारत होती, "येत का नाहीस?" एतेल्का ओरडली होती, "ऑफिसने परवाना दिला नाही गं!"

धादांत खोटं. सीमा ओलांडायचा परवाना शिक्क्यासकट तिच्या एप्रनच्या खिशात होता. नवरा म्हणाला होता, द्राक्षं तोडायला आली आहेत, गेलीस तर परत येऊ नकोस. आता हे कसं ओरडून सांगणार? दोन गावांनी ऐकलं असतं. बाईने ते गिळलं, आणि तेहतीस वर्षं ते तिच्या घशात अडकून राहिलं.

पुढे सीमेवरचे शिपाई गेले, परवाने गेले. पण वळसा घालून जायचं तर तीन बस आणि अख्खा दिवस. आणि वेंडेलला, त्याच नवऱ्याला, अर्धांगवायू झालेला. नऊ वर्षं त्याला भरवायचं, पुसायचं, दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. उभा असताना त्याने अडवलं, आडवा पडल्यावर बांधून घातलं. एतेल्काचं जग म्हणजे खाट, चूल आणि नदीचा काठ. त्यातच रोझीला ऐकू येईनासं झालं. काठावर येऊन ती नुसता रुमाल हलवायची. एतेल्काला वाटायचं, ही अशीच निघून गेली, तर मरेपर्यंत मी खोटारडीच राहणार.

युरोपच्या प्रादेशिक निधीतून पूल होणार अशी बातमी आली, तेव्हा गावाने नाक मुरडलं. म्हणे, पुलाआधी आपणच पार होऊ. दोन सरकारांनी कागदांत चार वर्षं घालवलीही. पण एका वसंतात पूल खरोखर उभा राहिला, तोंडाशी निळी पाटी लावून. पावाची गाडी यायला लागली. त्याच निधीतून पलीकडची एक नर्स दर गुरुवारी वेंडेलपाशी तासभर बसायला लागली.

नऊ वर्षांत एतेल्काला मिळालेला पहिला तास तो. पूल ओलांडायला सात मिनिटं लागली. सात मिनिटं! याच्यासाठी जन्म गेला, या विचाराने तिला रडूच आलं.

रोझी काठावरच्या अक्रोडाखाली बाकावर बसली होती. दोघी आधी नुसत्या हात धरून बसल्या. मग एतेल्का तिच्या कानाशी वाकली आणि मनात हजारदा घोळवलेलं हळूच बोलली.

"काय?" रोझी म्हणाली.

पुन्हा सांगितलं.

"ऐकू येत नाही गं, मोठ्याने बोल."

एतेल्काने नदीपलीकडे, आपल्या काठाकडे पाहिलं. तिच्या घराची खिडकी नर्सने हवेसाठी सताड उघडली होती. कपडे वाळत घालणारी शेजारीण इकडेच बघत होती. बघू दे मेली. एतेल्का उठून उभी राहिली आणि छाती भरून ओरडली, "परवाना आला होता, रोझी! वेंडेलने जाऊ दिलं नाही, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले!"

शेजारणीच्या हातातली चादर तशीच राहिली.

रोझीने हातातल्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं त्या ऑफिसातल्या बिचाऱ्या कारकुनाला शिव्या घालतेय." तिने बहिणीला जवळ ओढलं आणि दोघी पोटभर रडल्या.

एतेल्का घरी परतली. नर्स गेल्यावर सूप गरम करून खाटेशी बसली. वेंडेल उघड्या खिडकीकडे बघत होता.

"ऐकलं मी," तो जड जिभेने म्हणाला.

"बरं झालं," एतेल्का म्हणाली. "गुरुवारी पुन्हा जाणार आहे."

तिने चमचा पुढे केला. त्याने तोंड उघडलं.